शेवटच्या पानावरचे दोन चौकोन

१६ एप्रिल, बुधवार

आजपासून लिहायचं ठरवलं. कारखान्यात प्रत्येक लॉटमागे किती जीन्स तपासल्या, किती परत पाठवल्या, हे मी नऊ वर्षं वहीत लिहीत आलेय. मग स्वतःच्या एवढ्या मोठ्या कामाबद्दल चार ओळी लिहायला काय हरकत आहे? शिवाय या घरात बोलायला दुसरं माणूस नाही. सासूबाई आहेत, पण निम्मं बोलायचं असतं ते त्यांच्याबद्दलच.

सुटल्यावर कॅम्प दोनच्या बाजारात हरेशभाईंकडे गेले. त्यांचं दुकान सुटकेसचं, पण आतल्या बाजूला कॉम्प्युटर ठेवून ते पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म भरून देतात. फॉर्म भरणाऱ्याला सुटकेसवर सूट. नवऱ्याकडे जायच्या व्हिसाचा माझा फॉर्म आज पूर्ण झाला. माझं नाव, दिपेशचं नाव, लग्नाची तारीख २ फेब्रुवारी, त्याची परदेशातली, लेस्टरमधल्या गोदामातली नोकरी, पगार, सगळं. आता फक्त शेवटचं पान राहिलंय. त्यावर ‘वरील माहिती खरी आहे’ असं मान्य करून माझं नाव टाकायचं आणि दोन चौकोनांपैकी एकात खूण करायची. एक चौकोन साध्या रांगेचा, म्हणजे पाच-सहा महिने. दुसरा लवकरचा, म्हणजे महिना-दीड महिना, पण त्याचे वेगळे पैसे, जवळजवळ माझे तीन पगार. हरेशभाई म्हणाले, कागद ताजे लागतात, दहा मेपर्यंत पाठवून टाक, नाहीतर सगळे परत मागवावे लागतील.

तिथूनच दिपेशला फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला. लवकरचा घेऊ का विचारलं, तर म्हणाला, कशाला उगाच पैसे घालवायचे, साधा घे, आणि घाई नको, सावकाश पाठवू. नऊ वर्षं परदेशात राहून माणूस काटकसरी होतो हे ऐकलं होतं. अकरा दिवसांचा संसार करून गेल्यावर बायकोच्या बाबतीतही होतो, हे नव्हतं ऐकलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. लग्न ठरलं तेव्हा याच बाई ‘पोरीला लवकर ने रे’ म्हणून त्याच्या मागे लागल्या होत्या. आज मेथी निवडता निवडता म्हणाल्या, साधा बरा. मानसुद्धा वर केली नाही.

१९ एप्रिल, शनिवार

एक गोष्ट कबूल केली पाहिजे, दिपेश हल्ली माझ्यासाठी खूप वेळ काढतो. लग्नानंतर पहिले दोन महिने त्याला मधल्या सुट्टीत जेमतेम पाच मिनिटं मिळायची. आता मी कधीही लावला तरी उचलतो. शिफ्ट बदलली म्हणे. परवा त्याने टीव्हीवरचा जुन्या घड्याळांच्या लिलावाचा अख्खा कार्यक्रम सांगितला, कोणत्या म्हातारीचं घड्याळ कितीला गेलं इथपर्यंत. वांग्याचं भरीत करायला शिकलाय. थोडा वाळलाय, पण बसने न जाता चालत जातो, तब्येतीला बरं, असं म्हणाला.

मी खूश आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सोनियाचा नवरा इथंच बदलापुरात असतो, तरी तिचा फोन संध्याकाळपर्यंत उचलत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

शेठने केबिनमध्ये बोलावलं. अंबरनाथला एमआयडीसीत दुसरा कारखाना चालू होतोय आणि तिथल्या सगळ्या चेकिंगवर त्याला मला बसवायचंय. तू जाणार हे माहीत आहे, म्हणाला, पण कधी ते सांग, निदान वर्षअखेरपर्यंत असशील तर जागा तुझी, नाहीतर दुसरी कोणी बघतो. दहा तारखेपर्यंत सांग. सगळ्यांना दहा तारीखच कशी सापडते कोण जाणे.

नऊ वर्षांपूर्वी मी धागे कापायला लागले होते. आज खुर्ची समोर आली, तेव्हा माझं लक्ष दाराकडे. असं माझंच होतं.

संध्याकाळी अर्जंट लॉट आला. अर्जंट म्हणजे व्यापाऱ्याने जास्तीचे पैसे मोजलेले असतात आणि टेम्पो खाली उभा असतो. मग शेठ सांगतो, वरवर बघ आणि सोड. एरवी ज्या जीन्स मी वाकड्या खिशासाठी परत पाठवते त्या अर्जंटमध्ये बिनबोभाट पास होतात. पैसे भरले की चेकिंग कमी, हे मी इतकी वर्षं डोळ्यांनी बघतेय. गोऱ्यांच्या देशात माणसं वेगळी असतील, पण चेकिंगचं टेबल ते टेबलच. लवकरचे पैसे भरलेली फाइल कोण उलटीपालटी करत बसणार? साध्या रांगेत मात्र निवांत बसून एकेक कागद वाचतील. म्हणजे लवकरचा चौकोन नुसता लवकरचा नाही, खात्रीचा पण आहे.

हरेशभाईंना फोनवर हे सांगितलं तर हसले. “बेटा, पैसे से जवाब जल्दी आता है, हाँ नहीं आती.” धंद्यातली माणसं असंच बोलतात, नंतर आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून. सोनियाला मात्र माझं पटलं.

२४ एप्रिल, गुरुवार

दिपेशला अर्जंटचं समजावलं. म्हणाला, इकडे उलटं असतं, पैसे घेतले की लगेच बघायला घेतात, लगेच कंपनीत फोन करून विचारतात. करू देत की, म्हटलं, तुझ्या कंपनीत फोन केला तर उचलणारा तूच. यावर त्याने हसायला हवं होतं. हसला नाही.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी विहारात वंदनेला गेलो. सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर असतो, पंचशील त्या पुढे म्हणतात आणि बाकीच्या बायका मागून. आज चौथ्या शीलाला त्यांचा आवाज एकदम बंद झाला. खोटं न बोलण्याचं शील, लहान पोरांनासुद्धा पाठ असतं. बायका गडबडल्या, एकमेकींकडे बघायला लागल्या, शेवटी मीच पुढे म्हटलं. पाचव्याला त्या परत सुरू झाल्या. येताना विचारलं तर घसा धरला म्हणाल्या. घरी आलं घालून चहा करून दिला, तो अर्धा तसाच ठेवला.

दुपारी अंबरनाथला माहेरी गेले. पप्पांना दोन चौकोनांचं सांगितलं. रिटायर झाल्यापासून त्यांना कोणाच्या तरी अडचणीत उडी मारायला हवीच असते. भर पैसे, म्हणाले, कमी पडले तर मी बसलोय. मम्मीचं म्हणणं वेगळंच निघालं. तुझ्या सासूलाच तू जायला नकोयस, म्हणाली. एकटी बाई, गुडघे गेलेले, सून कमावती आणि वर घरातलं करणारी, कोण सोडेल हातातून?

मला हे आधी का सुचलं नाही?

१ मे, गुरुवार

आज सुट्टी, आणि सुट्टीच वाईट गेली. आंघोळ करून बाहेर आले तर सासूबाई बाल्कनीत फोनवर, माझ्याकडे पाठ. “तू सांग, नाहीतर मला सांगू दे. मला आता होत नाही रे.” मला बघितलं आणि फोन ठेवला. दिपेश होता.

काय सांगायचं ते उघड आहे. मला इथंच ठेवायचं, आणि ते कोणी सांगायचं यावरून मायलेकांचं चाललंय. म्हणजे मम्मी बरोबर म्हणत होती. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आई, मी गेल्यावर गुडघे कोण शेकणार याची काळजी असेल तर बाई लावून देते, पण माझ्या संसारात पाय घालू नका. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईटही वाटलं आणि रागही आला, कारण रडून जिंकणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

समोर स्टेशन होणार म्हणून दिपेशने चिखलोलीत हा फ्लॅट घेतला. इथं बिल्डिंगमध्ये सगळेच त्या स्टेशनची वाट बघत बसलेत. बसू देत. मी नाही बसणार.

५ मे, सोमवार

हरेशभाईंचा सकाळी फोन आला. एप्रिल संपला, तेव्हा त्या महिन्याची पगाराची स्लिपही जोडू, फाइल भक्कम होईल. दिपेशला मेसेज टाकला. दिवसभर उत्तर नाही. एका रिंगमध्ये उचलणारा माणूस दिवसभर गायब.

संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला तो चिडलेलाच. मार्चपर्यंतच्या सहा स्लिपा आहेत ना, त्याच जोड, कंपनीचं पत्र आहे ना, मग आणखी काय पाहिजे त्या माणसाला? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. मागे दाराशी एक सायकल आणि पाठीला लावायची मोठी चौकोनी पिशवी दिसली. कोणाची विचारलं तर रूममेटची म्हणाला आणि कॅमेरा दुसरीकडे वळवला. त्याचे हात किती फुटलेत. मी बघितले तर टेबलाखाली घेतले.

शेवटी त्याने माफी मागितली. थकत असेल. घरापासून लांब राहतो, स्वतःचं स्वतः करतो, जवळचं कोणी नाही. हेच तर मी सगळ्यांना सांगतेय, मला लवकर जायला पाहिजे.

७ मे, बुधवार

ठरलं. शनिवारी लवकरचा भरायचा. दिपेशलाही सांगायचं नाही, व्हिसा हातात आला की एकदम सांगायचं. माझे साठवलेले पैसे आणि माझा नवरा, यात कोणाला विचारायचं?

८ मे, गुरुवार

शेठला नाही म्हणून सांगितलं. त्याने लगेच ओवीला आत बोलावलं. ओवीला मीच शिकवलंय. तिला अजून वाकडी शिलाई हात फिरवल्याशिवाय कळत नाही. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता टेबलावर गेली, कान लाल झालेले. मी तिला हसून शाबास म्हटलं. नंतर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

९ मे, शुक्रवार

माझा पासपोर्ट सासूबाईंच्या कपाटात असतो. मागितला. कशाला, म्हणाल्या. उद्या हरेशभाईंकडे झेरॉक्सला न्यायचाय, म्हटलं. त्यांनी काढून दिला, पण हातातून लवकर सोडला नाही. मग म्हणाल्या, उद्या मीपण येते.

गुडघ्यांमुळे ही बाई खालच्या दुकानात जात नाही, आणि उद्या कॅम्प दोनच्या बाजारात येणार. येऊ देत. रडल्या तरी चालेल. बटण मीच दाबणार आहे.

१० मे, शनिवार

आज लिहिलं नाही तर उद्या मी हे वेगळं करून आठवेन. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

रिक्षातून उतरून सासूबाई माझ्या खांद्याला धरून दुकानापर्यंत आल्या. हरेशभाईंनी त्यांना स्टूल दिलं. पान उघडलं. मी लवकरच्या चौकोनात खूण केली. मग हरेशभाई शेवटचं कलम वाचून समजवायला लागले, तशी त्यांची पद्धतच आहे. तुमच्या जोडीदाराची वर लिहिलेली नोकरी आजही चालू आहे, आणि माहिती खोटी निघाली तर अर्ज बाद होईल आणि दहा वर्षांपर्यंत तिकडचं दार बंद होऊ शकतं. हो हो, म्हटलं, पुढे चला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

“नाव टाकू नको उन्नती. त्याची नोकरी नाही.”

मला कळलंच नाही. मी विचारलं, कोणाची?

“दिपेशची. मार्चअखेरीस गेली. सायकलवरून लोकांची जेवणं पोचवतो आता. ते पण दुसऱ्या कोणाच्या नावावर.”

दुकानात एक बाई सुटकेसची चाकं फिरवून बघत होती, तो आवाज तेवढा येत होता. हरेशभाईंनी माऊसवरचा हात काढून घेतला. उठून स्वतः पाणी आणलं, आधी मला दिलं, मग सासूबाईंना. म्हणाले, माताजी वेळेवर बोलल्या, हा फॉर्म गेला असता तर पोरीचं नाव खराब झालं असतं, पोराचं नाही.

मी तिथूनच दिपेशला फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला. या एका रिंगचं मला किती कौतुक होतं. नोकरी आहे का, एवढंच विचारलं. म्हणाला, आई बोलली का?

मग थांबेचना. दोन ठिकाणी बोलणं चाललंय, एक तर जवळजवळ पक्कं आहे, म्हणून तर साधा घे म्हणत होतो, सहा महिन्यांत सगळं जागेवर आलं असतं, तुला कळलंसुद्धा नसतं. मला आयुष्यभर कळू नये, हीच त्याची सगळ्यात मोठी काळजी होती बहुतेक. आणि मग म्हणाला, अजून बिघडलं नाही, आजच साधा भर, कंपनीचं पत्र आहेच आपल्याकडे.

“त्याखाली नाव माझं आहे दिपेश.”

“एवढं कोण बघतं?”

हे मीच तर तीन आठवडे सगळ्यांना सांगत फिरत होते. पैसे भरा, कोण बघतंय. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला माझीच शरम वाटली, आणि त्याची त्याहून जास्त. फोन बंद केला. हरेशभाईंना म्हटलं, फॉर्म काढून टाका. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. त्यांनी त्यांचे पैसे घेतले नाहीत.

येताना रिक्षात मला मनातून सासूबाईंच्या पाया पडावंसं वाटत होतं. गुडघ्यांवरून काय काय बोलले होते त्यांना. घरात आल्यावर त्या खुर्चीत बसल्या, मी खाली त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, आई, तुम्हाला कधी कळलं? एप्रिलमध्ये म्हणतील असं वाटलं होतं.

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “नोटीस आली तेव्हाच. तुमच्या हळदीच्या दिवशी. तो म्हणाला, मार्चपर्यंत दुसरी मिळवतो, आता मोडलं तर लोकं काय म्हणतील. मी गप्प बसले.”

म्हणजे २ फेब्रुवारीला विहारात माझ्या शेजारी पांढऱ्या कपड्यांत उभा असलेला माणूस, आणि पहिल्या रांगेत बसलेली त्याची आई, दोघांना माहीत होतं. तीनशे माणसांत एक मलाच नव्हतं. लग्न लागल्यावर याच बाईंनी मला मिठी मारली होती आणि माझ्या पोराचं नशीब उघडलं म्हणाल्या होत्या. मला वाटलं होतं, माझं कौतुक करतायत.

मी खालून उठले. पाया पडायचं राहिलं. ज्या बाईने आज मला वाचवलं तिनेच मला यात आणून बसवलं होतं, आणि दोन्ही खरं आहे. मला तिचा राग येतोय आणि तिची दयाही येतेय, आणि दोन्हींपैकी एकही मला नकोय.

११ मे, रविवार

सकाळी बॅग भरली. सासूबाईंनी चपात्या आणि चटणी बांधून दिली, मी घेतली. किती दिवसांसाठी जातेस असं त्यांनी विचारलं नाही. दारात म्हणाल्या, “मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.” मी हो म्हटलं. त्यांना वाटलं असेल मी जाऊ द्या म्हणेन. नाही म्हणता आलं. गुडघ्यांचं बोलले त्याची मात्र माफी मागितली, कारण ते माझं खातं आहे, त्यांच्या खात्यात ढकलता येत नाही.

अंबरनाथला आल्यावर सगळं सांगितलं. पप्पा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मम्मी सासूबाईंना बोलायला लागली, तिला थांबवलं. शेठला फोन केला, मी आता जात नाहीये म्हणून सांगितलं. नवी जागा ओवीला दिली म्हणाला, जुन्या टेबलावर यायचं तर ये. येते म्हटलं. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या शिलाया बघितल्या, आणि घरातलं उसवलेलं दिसलं नाही. यावर सोनिया मला आठवडाभर चिडवेल. चिडवू दे, कोणीतरी हसवायला पाहिजे.

दुपारी दिपेशचा फोन आला. रडत होता. मीपण रडले. तो मला आवडतो, परवाही आवडत होता, फॉर्म काढून टाकला म्हणून आवडायचा थांबत नाही. खोटं कधीच बोलणार नाही म्हणाला. मी म्हटलं, ते आत्ता बोलू नकोस. नोकरी लागली की पहिली स्लिप येईपर्यंत काही बोलू नकोस. त्याने सायकलचं खरं सांगितलं, पावसात कसे हात बधिर होतात तेही सांगितलं. हे सगळं मी त्याच्याशी लग्न करायच्या आधी ऐकलं असतं तरी मी बहुतेक हो म्हटलं असतं. ते त्याला सांगितलं नाही.

मग त्याने विचारलं, आईकडे परत कधी जाशील?

ठरवलं नाही, म्हटलं.

साधारण किती दिवस?

सांगता येत नाही, म्हटलं.

मग म्हणाला, “मी थांबतो.”

थांब, म्हटलं, आणि फोन ठेवला.